होम फोल्डरला परत परत 'ॲक्सेस डिनाइड' येतंय? परमिशन नेमकी कुठून बिघडते ते असं शोधा

प्रॉब्लेम सगळ्यांच्या ओळखीचा आहे. युजरचा फोन येतो की माझा एच ड्राइव्ह (सर्व्हरवरचं त्याचं स्वतःचं होम फोल्डर) उघडत नाहीये, आपण फाइल सर्व्हरवर जातो, त्याच्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, त्याचं नाव ॲड, फुल कंट्रोल, ओके, झालं काम. काही दिवसांनी तोच युजर नाहीतर त्याच्या शेजारचा परत फोन करतो. कधी उलटंही होतं, कुणीतरी येऊन हळूच सांगतं की मला साहेबांचं फोल्डर उघडता येतंय. आणि खरं विचाराल तर हे दुसरं जास्त डेंजर आहे, कारण ॲक्सेस गेला की लोक लगेच ओरडतात, नको तो ॲक्सेस मिळाला की कोणी ओरडत नाही, गुपचूप बघत बसतात.

माझं मत सरळ आहे. एकाच सर्व्हरवर हाच प्रकार दुसऱ्यांदा झाला की युजरच्या फोल्डरवर हाताने नावं ॲड करणं थांबवायचं. चुकीची एंट्री आपोआप उगवत नाही, ती कोणीतरी लिहितं. वरच्या फोल्डरची इनहेरिटन्स (वरच्या परमिशन आपोआप खाली उतरणं) लिहिते, नवीन युजर बनवायची स्क्रिप्ट लिहिते, ग्रुप पॉलिसी (सगळ्या मशीनना एकदम लागू होणारी सेटिंग) लिहिते, नाहीतर दुसऱ्या ॲडमिनचा माउस लिहितो. तो लिहिणारा सापडेपर्यंत फोन येतच राहणार.

आधी विंडोज सर्व्हरचं बघू, लिनक्स आणि सांबा (लिनक्सवरून विंडोजसारखं फाइल शेअरिंग करणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांसाठी खाली वेगळं लिहिलंय.

हात लावायच्या आधी परमिशनचा बॅकअप

डेटाचा बॅकअप असेलच, हा वेगळा. आयकॅक्ल्स या परमिशन बघायच्या-बदलायच्या कमांडला स्लॅश सेव्ह आणि पुढे फाइलचं नाव दिलं की आहेत त्या सगळ्या परमिशन एका टेक्स्ट फाइलमध्ये उतरतात, सोबत स्लॅश टी द्यायचं म्हणजे आतल्या सगळ्या लेव्हल येतात आणि स्लॅश सी द्यायचं म्हणजे एखाद्या फोल्डरला एरर आली तरी ती पुढे जाते. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून 'जरा नीट करून' सेव्ह करू नका, रिस्टोअर होणार नाही. ओनर कोण आहे ते यात सेव्ह होत नाही, त्यामुळे ओनरची यादी वेगळी काढून ठेवा, डिर कमांडला स्लॅश क्यू दिलं की ओनरचं नाव दिसतं.

रिस्टोअर करताना बहुतेक जण पाथमध्ये अडकतात. सेव्ह करताना नुसतं होम फोल्डरचं नाव दिलं असेल तर रिस्टोअर त्याच्या एक पायरी वरच्या फोल्डरवर चालवायचं, आणि होमच्या पुढे स्लॅश लावून स्टार दिला असेल तर रिस्टोअर होमवरच चालवायचं. हे उलटं झालं की 'फाइल सापडली नाही'ची रांग लागते आणि बघणाऱ्याचा जीव वर-खाली होतो, फाइल्स मात्र जागच्या जागी असतात.

शेअरची परमिशन की एनटीएफएसची

नेटवर्कवरून येणाऱ्या माणसाला दोन फाटकं पार करावी लागतात, शेअर परमिशन (नेटवर्कवर शेअर केलेल्या फोल्डरची) आणि एनटीएफएस परमिशन (डिस्कच्या फाइल सिस्टिमची, सिक्युरिटी टॅबमध्ये दिसते ती), आणि दोन्हीत जे कमी असेल तेच त्याला मिळतं. शेअरवर रीड आणि एनटीएफएसवर फुल कंट्रोल, म्हणजे हातात रीडच. म्हणून युजर म्हणतो 'फाइल उघडते पण सेव्ह होत नाही' आणि आपण तासभर सिक्युरिटी टॅबमध्ये बसतो, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

शेअर परमिशन साधी ठेवा, बारीक कंट्रोल सगळा एनटीएफएसवर. मी शेअरवर ऑथेंटिकेटेड युजर्सना चेंज आणि ॲडमिन ग्रुपला फुल कंट्रोल देतो. कारण असं की फाइलचा ओनर असलेल्या माणसाला त्या फाइलच्या परमिशन बदलायचा हक्क मुळातच असतो, एनटीएफएसवर तुम्ही त्याला नुसतं मॉडिफाय दिलं तरीही, आणि असे हौशी लोक असतात जे सिक्युरिटी टॅब उघडून सिस्टिम आणि ॲडमिनिस्ट्रेटर्स दोन्ही उडवतात आणि मग बॅकअप फेल का होतोय म्हणून आपण डोकं खाजवतो. शेअरवर चेंज असलं की नेटवर्कवरून हे करता येत नाही. फक्त तुमच्याकडे फोल्डर रीडायरेक्शन (युजरची डॉक्युमेंट्ससारखी फोल्डर सर्व्हरवर वळवणारी सोय) क्लायंटकडूनच, म्हणजे युजरच्या मशीनवरूनच, फोल्डर बनवत असेल आणि त्यात 'एक्सक्लुझिव्ह राइट्स'ची (फोल्डर फक्त त्या युजरला) टिक असेल तर तिथे हे चालणार नाही, कारण तिथे क्लायंटलाच परमिशन लिहायची असते.

रूट फोल्डर, म्हणजे खरं दुखणं

डी ड्राइव्हवर नवीन होम नावाचं फोल्डर बनवलं की त्याच्यावर ड्राइव्हच्या रूटवरून परमिशन उतरतात, आणि त्यात युजर्स ग्रुपला रीड अँड एक्झिक्यूट असतं, तेही खालपर्यंत सगळ्या फोल्डर आणि फाइल्सना लागू. म्हणजे काहीही न करता सगळ्यांना सगळ्यांचं दिसतं. साहेबांचं फोल्डर उघडणारी केस बहुतेक वेळा इथूनच येते. म्हणून पहिल्यांदा ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन होमवरची इनहेरिटन्स डिसेबल करायची, विचारलं की 'कन्व्हर्ट' निवडायचं, 'रिमूव्ह' नाही (सगळं एकदम उडवलं तर स्वतःच बाहेर अडकायची वेळ येते), आणि मग एकेक नको ती एंट्री काढायची.

शेवटी एवढंच उरलं पाहिजे:

सिस्टिम, फुल कंट्रोल, हे फोल्डर आणि खालचं सगळं.
ॲडमिनिस्ट्रेटर्स, फुल कंट्रोल, हे फोल्डर आणि खालचं सगळं.
क्रिएटर ओनर, फुल कंट्रोल, फक्त सबफोल्डर आणि फाइल्स.
ऑथेंटिकेटेड युजर्स, किंवा त्यापेक्षा बरं म्हणजे तुमचा होम फोल्डरवाल्यांचा ग्रुप, लिस्ट फोल्डर आणि रीड ॲट्रिब्यूट्स, आणि हे 'फक्त या फोल्डरला'.

त्या शेवटच्या ओळीतलं 'फक्त या फोल्डरला' म्हणजे 'ॲप्लाइज टू' कॉलममधली किंमत, आणि निम्म्या सर्व्हरवर घोळ याच एका कॉलममध्ये असतो. सिक्युरिटी टॅबच्या पहिल्या स्क्रीनवर हा कॉलम दिसतच नाही, तिथे फक्त टिका दिसतात, म्हणून ॲडव्हान्स्ड उघडल्याशिवाय कोणत्याही परमिशनवर मत देऊ नका. फोल्डर युजरच्या लॉगिनने आपोआप तयार होत असेल, म्हणजे फोल्डर रीडायरेक्शनसारखं, तर याच ओळीत क्रिएट फोल्डर्सही द्यावं लागतं. फोल्डर ॲडमिन बनवत असेल तर देऊ नका, नाहीतर लोक होममध्ये 'न्यू फोल्डर २' टाकून जातात.

आता क्रिएटर ओनरची गंमत. ही एंट्री फोल्डर जो बनवतो त्याच्या नावाची होते. युजरने बनवलं तर युजरची, ठीक. पण नवीन माणूस आला की अकाउंट आणि फोल्डर तुमची पॉवरशेल स्क्रिप्ट बनवत असेल तर ओनर कोण? स्क्रिप्ट ज्या अकाउंटने चालते तो. युजरला काहीच मिळत नाही आणि प्रत्येक नवीन माणसाचा पहिल्याच दिवशी फोन येतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या (कंपनीची सगळी अकाउंट सांभाळणारी विंडोजची सेवा) युजर्स अँड कॉम्प्युटर्स खिडकीत प्रोफाइल टॅबवर होम फोल्डरचा पाथ भरला की ती खिडकी स्वतः फोल्डर बनवते आणि युजरला फुल कंट्रोल देते, पण पॉवरशेलने तोच पाथ अकाउंटवर सेट केला तर फक्त पाथ लिहिला जातो, फोल्डर बनत नाही, परमिशनही नाही. त्यामुळे 'आधी चालायचं, स्क्रिप्ट आल्यापासून बंद पडलं' अशी तक्रार असेल तर कारण हेच. स्क्रिप्टमध्ये फोल्डर बनवल्यावर दोन ओळी वाढवा, एक युजरला मॉडिफाय देणारी आणि एक ओनर युजरच्या नावावर करणारी.

रूट बरोबर असूनही बिघडतं तेव्हा

नंबर एकचा आरोपी म्हणजे ते 'कंटिन्यू' बटण. ॲडमिन सर्व्हरवर लॉगिन करून एक्सप्लोररमधून युजरचं फोल्डर उघडतो, विंडोज म्हणतं तुम्हाला सध्या या फोल्डरची परमिशन नाही, कायमचा ॲक्सेस हवा असेल तर कंटिन्यू दाबा. माणूस वाचत नाही, दाबतो. आता 'मी ॲडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपमध्ये आहे, त्या ग्रुपला फुल कंट्रोल आहे, मग मला का विचारतंय' असं वाटतं ना, तर ते यूएसीमुळे, म्हणजे ॲडमिनलाही एरवी साध्या हक्कांवर ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीमुळे. एक्सप्लोरर साध्या टोकनने (लॉगिनच्या वेळी मिळणारं ओळखपत्र) चालतो आणि त्या टोकनमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर्स ग्रुप परमिशन देण्यासाठी धरलाच जात नाही. कंटिन्यू दाबलं की त्या ॲडमिनचं वैयक्तिक अकाउंट फोल्डरवर थेट लिहिलं जातं. असं रोज थोडं थोडं होत राहतं, काही वर्षांनी एकेका फोल्डरवर नोकरी सोडून गेलेल्या लोकांच्या नावाऐवजी एस-१-५-२१ ने सुरू होणारे लांबलचक नंबर दिसायला लागतात, मग कोणीतरी ते बघून वैतागतो आणि 'साफसफाई' करायला घेतो, आणि तिथून आरोपी नंबर दोन सुरू होतो.

कंटिन्यूवर उपाय सोपा आहे. फाइल सर्व्हर सांभाळणाऱ्यांचा एक वेगळा डोमेन ग्रुप बनवा, त्याला रूटवर फुल कंट्रोल द्या. असा आपण बनवलेला ग्रुप यूएसी गाळत नाही, त्यामुळे बटण येतच नाही. ग्रुपमध्ये नाव टाकल्यावर त्या ॲडमिनने लॉगऑफ करून परत लॉगिन करायचं, नाहीतर टोकन जुनंच राहतं. सर्व्हरवर बसून एक्सप्लोरर न वापरता आपल्या मशीनवरून शेअरच्या पाथने गेलं तरी हा प्रश्न येत नाही.

आरोपी नंबर दोन म्हणजे 'रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन एंट्रीज' ही टिक. होमच्या रूटवर ही लावून ओके दाबलं की खालच्या प्रत्येक फोल्डरवरची थेट दिलेली एंट्री उडते आणि फक्त वरून उतरणारी राहते. ज्या फोल्डरचा ओनर युजर स्वतः नाही त्याला आपल्या रूटवरून क्रिएटर ओनरमधूनही काहीच मिळत नाही, म्हणजे असे सगळे एकदम बाहेर. मजा म्हणजे ज्यांच्या फाइल्स उघड्या होत्या त्यांचं काम चालूच राहतं, कारण परमिशन फाइल उघडताना तपासली जाते, नंतर नाही, आणि म्हणून फोन एकदम न येता दिवसभर टप्प्याटप्प्याने येतात आणि कारण आणि परिणाम जोडता येत नाहीत. त्या दिवशी सकाळी रूटवर कोणी काय केलं हे पहिल्यांदा विचारा.

तिसरा प्रकार मूव्हचा. एकाच व्हॉल्यूमवर फाइल मूव्ह केली तर ती जुन्या परमिशन घेऊन जाते, कॉपी केली तर नवीन जागेच्या घेते. अकाउंट्सच्या फोल्डरमधली फाइल ड्रॅग करून युजरच्या होममध्ये टाकली, ती तिथे दिसते पण उघडत नाही, हे यामुळे. त्या एका फाइलवर आयकॅक्ल्स स्लॅश रीसेट मारा, विषय संपला.

चौथा, जरा फसवा. माणूस सोडून जातो, अकाउंट डिलीट होतं, तो परत येतो, त्याच नावाने नवीन अकाउंट बनतं. नाव तेच, फोल्डर तेच, पण एसआयडी (अकाउंटचा आतला ओळख क्रमांक, तेच ते एस-१-५-२१ वाले नंबर) नवीन. परमिशन एसआयडीला असते, नावाला नाही. उलट लग्नानंतर किंवा स्पेलिंग सुधारताना अकाउंटचं नाव बदललं तर फोल्डरचं नाव जुनं राहतं पण ॲक्सेस व्यवस्थित चालतो, तिथे उगाच काही 'फिक्स' करू नका.

पाचवा म्हणजे मायग्रेशन, जुन्या सर्व्हरवरून नव्यावर जाणं. रोबोकॉपी ही कॉपीची कमांड स्वतःहून परमिशन कॉपी करत नाही, फक्त डेटा, ॲट्रिब्यूट्स आणि वेळा नेते. स्लॅश कॉपीऑल किंवा निदान स्लॅश सेक द्यावं लागतं. आधीच कॉपी होऊन गेलं असेल तर स्लॅश सेक सोबत स्लॅश सेकफिक्स देऊन परत चालवा, ते न बदललेल्या फाइल्सच्याही परमिशन जुळवतं. जुन्या सर्व्हरवरच्या लोकल ग्रुपला दिलेल्या परमिशन मात्र नवीन सर्व्हरवर नुसते नंबर होऊन बसतात, त्यांना डोमेन ग्रुपवर आणण्याशिवाय इलाज नाही.

बिघडलेलं फोल्डर दुरुस्त करायचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे, आणि शक्यतो लोक गेल्यावर करा, कारण मधल्या वेळात युजरला ॲक्सेस नसतो.

ॲडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवर आधी टेकओन (ओनर बदलून घेणारी कमांड), स्लॅश आर म्हणजे आतलं सगळं आणि स्लॅश ए म्हणजे ओनर ॲडमिनिस्ट्रेटर्स ग्रुप होईल, तुमचं वैयक्तिक अकाउंट नाही. तो स्लॅश ए बरेच जण विसरतात. स्लॅश डी वाय देताना लक्षात ठेवा की जिथे फोल्डर वाचता येत नाही तिथे ती कमांड आधीच्या परमिशन काढून स्वतःच्या लिहिते, म्हणूनच वरचा बॅकअप. मग त्या युजरच्या फोल्डरवर आयकॅक्ल्स स्लॅश रीसेट, स्लॅश टी, स्लॅश सी, यात सगळा जुना कचरा जातो आणि फक्त रूटवरून उतरणारं राहतं. मग युजरला मॉडिफाय, ओआय आणि सीआय दोन्ही लावून, म्हणजे आतल्या फाइल्स आणि फोल्डर दोन्हीला जाईल. आणि शेवटी ओनर परत युजरच्या नावावर, स्लॅश सेटओनर, स्लॅश टी.

ही शेवटची पायरी गाळू नका. गाळली तरी त्या दिवशी सगळं चालतं, म्हणून लोक गाळतात. फोल्डर रीडायरेक्शन मात्र ओनर तपासतं, ओनर दुसराच निघाला की क्लायंटवर इव्हेंट ५०२ टाकून थांबतं. एनटीएफएसचा कोटाही ओनरवरच मोजला जातो, त्यामुळे सगळं ॲडमिनिस्ट्रेटर्सच्या नावावर राहिलं की युजरचा कोटा रिकामा दिसतो. रीडायरेक्शनच्या पॉलिसीतली 'एक्सक्लुझिव्ह राइट्स' टिक आधीपासून लागलेली असते, ती काढून टाका, नाहीतर पुढचं प्रत्येक नवीन फोल्डर ॲडमिनला बंदच जन्माला येणार आणि टेकओनचा खेळ परत पहिल्यापासून.

बऱ्याच फोल्डरांवर करायचं असेल तर पॉवरशेलचा लूप लावा, फोल्डरचं नाव म्हणजे लॉगिन नाव धरून, पण ज्या फोल्डरला जुळणारं अकाउंट सापडत नाही ते वगळून त्यांची यादी छापा. ती यादी हाताने बघायची, त्यातच नाव बदललेले आणि सोडून गेलेले लोक असतात.

सगळं बरोबर दिसतंय आणि तरी युजरला उघडत नाहीये? ॲक्सेस ग्रुपमधून दिला असेल तर त्याला लॉगऑफ करून लॉगिन करायला सांगा, लॉक करून अनलॉक नाही, पूर्ण लॉगऑफ. ग्रुपची माहिती लॉगिनच्या वेळी टोकनमध्ये येते. आणि कुठे डिनाय एंट्री नाही ना तेही बघा, थेट दिलेला डिनाय सगळ्यांच्या आधी लागतो. होम फोल्डरवर डिनाय वापरायची गरज मला आजपर्यंत पटलेली नाही, परमिशन दिलीच नाही की झालं.

लिनक्स आणि सांबा

इथे सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे सीएचमॉड आर ७७७, म्हणजे आतल्या सगळ्यावर सगळ्यांना पूर्ण परवानगी. चालतं, मान्य, पण मग एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) की ने लॉगिन होणं बंद होतं, कारण एसएसएच सर्व्हर होम फोल्डर दुसऱ्यांना लिहिता येतंय का ते बघतो आणि तसं असेल तर की कडे दुर्लक्ष करून पासवर्ड मागतो. लोक मग की परत परत बनवत बसतात. होम ७०० (फक्त मालकाला) ठेवा, आतलं सुधारायचं तर मोठा एक्स वापरा, लहान नाही, म्हणजे फोल्डरला एक्झिक्यूट लागेल आणि साध्या फाइल्सना उगाच लागणार नाही.

स्वतःच्या फोल्डरची परमिशन बरोबर आहे आणि तरी आत जाता येत नसेल तर वरच्या एखाद्या फोल्डरला एक्झिक्यूट नसतं. नेमआय कमांडला एल देऊन पूर्ण पाथ टाका, रूटपासून शेवटपर्यंत एकेक पायरीची परमिशन ओळीने दिसते, तिथेच अडकलेली पायरी सापडते.

एसीएल (नावानिशी जास्तीच्या परमिशनची यादी) वापरत असाल तर मास्क (त्या यादीवरची कमाल मर्यादा) बघा. सेटएफएसीएलने कोणाला आरडब्ल्यू दिलं, नंतर कोणीतरी त्याच फाइलवर सीएचमॉड ६०० मारलं, की एसीएलची एंट्री तशीच दिसते पण मास्क शून्य होतो आणि प्रत्यक्षात काहीच मिळत नाही. गेटएफएसीएलच्या आउटपुटमध्ये ओळीच्या शेवटी 'इफेक्टिव्ह' असं लिहून येतं, तिथे नजर टाका. काही प्रोग्रॅम सेव्ह करताना स्वतःच सीएचमॉड करतात, म्हणून हे 'आपोआप' परत येतं.

सांबात नवीन फाइलची परमिशन क्रिएट मास्क आणि डिरेक्टरी मास्क ठरवतात, आणि ते न लिहिता सोडले तर दुसऱ्यांना वाचायची परवानगी राहते, म्हणून होम्स सेक्शनमध्ये ०६०० आणि ०७०० स्वतः लिहा, आणि व्हॅलिड युजर्समध्ये टक्के एस टाका म्हणजे ज्याचं होम त्यालाच. सगळं करून लॉगिन होतंय पण फोल्डर रिकामं किंवा बंद दिसतंय आणि मशीनवर एसईलिनक्स (लिनक्सचं जादा सुरक्षा कवच) चालू आहे, तर सांबा एनेबल होम डिर्स नावाचं बूलियन (चालू-बंदचं सेटिंग) बंद असणार, ते चालू करा. एसईलिनक्स बंद करून 'सुटला प्रॉब्लेम' म्हणू नका. एनएफएसवर (लिनक्समधलं नेटवर्क फाइल शेअरिंग) होम असेल आणि ओनर भलताच दिसत असेल तर दोन्ही मशीनवर त्या युजरचा यूआयडी नंबर एकच आहे का ते पहिलं तपासा.

लिहिणारा पकडायचा कसा

विंडोजवर होमच्या रूटवर ऑडिटिंग (कोणी काय केलं याची नोंद) लावा, चेंज परमिशन्स आणि टेक ओनरशिप एवढ्या दोनच गोष्टींचं. वाचणं-लिहिणं ऑडिट करू नका, लॉग काही तासांत भरून जातो. पॉलिसीत फाइल सिस्टिमचं ऑडिट चालू हवं. मग कोणी परमिशन बदलली की सिक्युरिटी लॉगमध्ये इव्हेंट ४६७० पडतो, त्यात अकाउंटचं नाव, फोल्डरचा पाथ आणि जुनी-नवी परमिशन दोन्ही असतात, आणि सर्व्हरवरूनच बदल झाला असेल तर कोणत्या प्रोग्रॅमने केला तेही कळतं. तिथे एक्सप्लोरर दिसला तर माणूस, पॉवरशेल दिसलं तर स्क्रिप्ट. अकाउंट सर्व्हिसचं असेल तर शेड्यूल्ड टास्क उघडून बघा, बरेचदा कधीकाळी कोणीतरी लावलेली रात्रीची 'परमिशन रीसेट' टास्क अजून इमानेइतबारे चालू असते आणि आपण दिवसा केलेलं सगळं ती रात्री पुसून टाकत असते.